डोंगरातली मैदानं (७) : ओळंबा

या आठवड्यात नालदेहऱ्याच्या गोल्फ मैदानातल्या होलांचा नकाशा उलगडायचं कबूल केलं होतं. तो पुढच्या खेपेला. भिंगारच्या एका मिस्त्रींनी असा प्रश्न विचारला, की तो टाळून पुढे जाववेना. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला हा माणूस ही लेखमाला नातवाकडून वाचून घेतो. ते म्हणाले, "सर, खेळणारा ग्रीनचा ढाळ नजरेनं ओळखतो, असं तुम्ही लिहिलंत. आम्हाला सहा फुटी न्हाणीचा ढाळ नजरेनं कळत नाही, पाण्याची नळी लावावी लागते. मग डोंगरावर कसा कळतो?" (ग्रीन म्हणजे होलाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ.)

नाही कळत, मिस्त्री. डोंगरी मैदानाची सगळी गंमत तिथेच आहे.

चांदबीबीचा महाल म्हणून आपण ओळखतो त्या सलाबतखानाच्या कबरीकडे सायकलनं गेला असाल, तर हे तुमच्या पायांना ठाऊक आहे. उभा चढ संपून रस्ता जरा सैल झाला की वाटतं, उतार लागला. पायडल मारणं सोडावं तर सायकल थांबते. चढ चालूच असतो, फक्त कमी झालेला असतो. डोळा आजूबाजूच्या डोंगरालाच जमीन धरून बसतो आणि त्याच्याशी ताडून बाकीचं मोजतो.

नालदेहऱ्याला नेमकं हेच होतं. शिमल्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर, २,०४४ मीटर उंचीवर, देवदारांत कोरलेलं हे मैदान. तेव्हाचा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन याला ही जागा इतकी आवडली, की १९०४ साली जन्मलेल्या मुलीच्या नावात त्यानं 'नालदेरा' घातलं. अशा जागी दरीकडे झुकलेल्या उतारावर ग्रीन असतं. समजा, त्याचा स्वतःचा ढाळही दरीकडेच आहे, पण डोंगरापेक्षा पुष्कळ कमी. डोळ्याला ते सपाट दिसतं, कधी कधी तर उलटं, डोंगराकडे कललेलं. खेळाडू त्या हिशेबानं पटर (चेंडू होलाकडे ढकलायची काठी) लावतो आणि चेंडू हळूच दरीकडे वळतो. दोनदा फसल्यावर माणूस ग्रीनकडे बघण्याआधी दरी कुठे आहे ते बघू लागतो. ही सवय लागणं म्हणजेच डोंगरी गोल्फ येणं, असं माझं मत आहे.

आता तुमच्या धंद्याची गोष्ट. ही जुनी मैदानं आखली तेव्हा बुलडोझर नव्हते. डोंगर फोडून सपाटी करायची तर कुदळ-फावडं आणि माणसांची पाठ. म्हणून आखणारा आधी निसर्गानंच सोडलेली सपाटी शोधायचा : खिंडीतली पाठ, सोंडेवरचा टप्पा. ग्रीन तिथे बसायचं आणि बाकीचा होल त्याच्याकडे वळवला जायचा. जुनी डोंगरी मैदानं आखूड आणि वेडीवाकडी दिसतात ती यामुळे, आणि मला ती त्यासाठीच आवडतात. सापडलेली सपाटीही पुरती सपाट ठेवून चालत नाही. पाणी साचलं की गवत कुजतं. न्हाणीला देता तसा ढाळ ग्रीनलाही लागतो, आणि पाण्याला जायला सोपी वाट बहुधा दरीचीच.

खेळाडू चेंडूमागे उकिडवा बसून, एक डोळा मिटून, पटर दोन बोटांत लोंबता धरतो, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. तो तुमचा ओळंबाच. डोंगर खोटं सांगत असताना खरा उभा कोणता, हे लोंबती दांडी सांगते. पण तिच्यावर सगळा भरवसा टाकू नये. ती जिथे धरली तिथल्यापुरती बोलते; चेंडू आणि होल यांच्यामध्ये जमीन दोनदा फिरली असेल तर गप्प राहते. त्यापेक्षा मी चेंडूपासून होलापर्यंत बाजूनं सावकाश चालून येतो. कोणत्या तळव्यावर भार पडतो, ते पाहतो. पाय डोळ्यांइतके फसत नाहीत.

मिस्त्रींनी जाता जाता आणखी एक विचारलं : मैदानाच्या मधोमध नागदेवाचं देऊळ आहे म्हणता, मग चेंडू तिकडे गेला तर? नालदेहऱ्याचं नावच त्या नागावरून पडलेलं आहे. पुढच्या आठवड्यात नकाशा देवळापासूनच उलगडू.