कुशीतून जांघेत
(पोटाच्या कुरबुरी : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात पित्ताशयातल्या खड्यांविषयी बोललो. तो त्रास बायकांना अधिक. आज पाळी पुरुषांची. जठर, आतडी, यकृत, स्वादुपिंड सगळं दोघांनाही तेच, मग पुरुषांच्या पोटदुखीचं वेगळं प्रकरण कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर जन्माआधीच्या एका प्रवासात आहे.

मुलगा आईच्या पोटात असतो तेव्हा त्याचे वृषण सुरुवातीला खालच्या पिशवीत नसतात. ते तयार होतात पोटात, पाठीच्या बाजूला, मूत्रपिंडांच्या शेजारी. तिथून ते खाली सरकत येतात, सातव्या महिन्याच्या सुमारास जांघेतल्या एका तिरक्या बोगद्यातून बाहेर पडतात आणि बहुतेक मुलांत जन्मापर्यंत जागेवर येऊन बसतात. मात्र मुंबईत बिऱ्हाड थाटलं तरी सातबारा गावाकडचाच राहावा, तसं त्यांचं होतं. वृषणाला रक्त पुरवणारी धमनी आजही पोटातल्या महाधमनीपासून निघते, मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या जरा खालून. संवेदना नेणाऱ्या नसाही मणक्याच्या त्याच पट्ट्यात पोचतात, जिथं मूत्रपिंडाच्या आणि अपेंडिक्सच्या नसा येतात. हाक आली हे मेंदूला कळतं, कुठल्या घरातून आली ते नीट कळत नाही. पुरुषाच्या पोटदुखीतले निम्मे घोळ इथून सुरू होतात.

सगळ्यात महागात पडणारा घोळ वयात येणाऱ्या मुलांचा. साधारण बारा ते अठरा वर्षांचा मुलगा, पहाटे झोपेतून उठतो तो पोट धरूनच. ओटीपोटात दुखतंय, दोनदा उलटी झाली. आई ओवा-हिंग देते, आदल्या दिवशीच्या पाणीपुरीला बोल लावते. दुपारी डॉक्टरांकडे. पोट तपासावं तर मऊ, दाबलं तरी फारसं दुखत नाही. अशा वेळी जाणता डॉक्टर आईला म्हणतो, ‘ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?’ दार लागलं की मुलाला विचारतो, ‘काय रे, खाली कुठं दुखतंय का?’ मुलगा छताकडे बघत मान हलवतो. सकाळपासून त्याला ठाऊक असतं. सांगायचं कुणाला, आणि कुठल्या शब्दांत, एवढंच त्याला ठाऊक नसतं.

वृषण ज्या दोरीला लटकलेला असतो ती दोरीच पिळली जाते आणि रक्तपुरवठा तुटतो. खेळताना मार लागायलाच हवा असं नाही, झोपेतही होतं. पहिल्या सहा तासांत शस्त्रक्रिया करून पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचतो. पुढे प्रत्येक तासागणिक आशा कमी होते आणि दिवस उलटल्यावर बहुतेक वेळा तो काढून टाकावा लागतो. ओवा, सोडा, ‘संध्याकाळपर्यंत बघू’ यात गेलेले तास त्या सहामधूनच वजा होतात. माझ्या मते या बाबतीत दोष मुलांना देण्यात अर्थ नाही. घरात त्या अवयवाला धड नाव नसतं, शाळेत तो धडा ‘घरी वाचून या’ म्हणून उरकलेला असतो.

त्याच वाटेची दुसरी सवारी म्हणजे मुतखडा. हा पुरुषांत अधिक आढळतो. खडा मूत्रपिंडात गप्प पडून असतो तोवर पत्ता लागत नाही. तो मूत्रवाहिनीत उतरला की कुशीतून कळ निघते, पुढे जांघेत आणि थेट वृषणापर्यंत जाते. या दुखण्याची ओळख रुग्णाच्या वागण्यावरून पटते. तो खाटेवर टिकत नाही. उठतो, येरझाऱ्या घालतो, भिंतीला टेकतो, पुन्हा आडवा होतो. पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आली असेल तर नेमकं उलटं. तो रुग्ण गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडतो, हलू म्हणत नाही, कुणी खाटेला धक्का दिला तरी कळवळतो.

पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपसूक लघवीवाटे पडून जातात. त्यामुळे पानफुटीच्या पानांना आणि हुलग्याच्या कढणाला यश न मागता मिळतं. त्यावर माझा राग नाही. बिअरने खडा पडतो या मित्रमंडळींच्या उपचारावर मात्र आहे. लघवी वाढते ती साध्या पाण्यानेही वाढते, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शेतात किंवा ट्रकवर दिवस काढणाऱ्याला पाण्याचीच खरी टंचाई असते. कळीबरोबर थंडी वाजून ताप आला, तर घरी थांबायचं नाही. अडलेल्या लघवीत जंतू वाढले की ते रक्तात जायला वेळ लागत नाही.

आता अपेंडिक्स. हा काही पुरुषांचाच आजार नव्हे, पण तरुण मुलांत किंचित जास्त. सुरुवातीला दुखतं बेंबीभोवती, मोघम. काही तासांनी सूज पोटाच्या आवरणाला भिडली की दुखणं उजवीकडे खाली सरकतं आणि तिथं बोट ठेवून दाखवता येतं. न्यूयॉर्कचे शल्यविशारद चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये ती जागा नेमकी सांगितली, आजही ती त्यांच्याच नावाने ओळखतात. आपल्याकडे पंचाईत होते ती पहिल्या टप्प्यात. बेंबीभोवती दुखतंय म्हणजे ‘बेंबी सरकली’. मग तेल लावून पोट चोळायचं, वर एरंडेलाचा जुलाब. सुजलेलं अपेंडिक्स फुटायला याहून चांगली सोय नाही.

दवाखान्यात रिक्षाने आलेल्याला एक प्रश्न हमखास विचारावा : गतिरोधकावरून जाताना कळ आली का? थट्टा नाही ही. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी यावर रीतसर अभ्यास करून तो २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांचं अपेंडिक्स खरोखर सुजलेलं निघालं अशा ३४ रुग्णांपैकी ३३ जणांना गतिरोधकावर दुखलं होतं. उलट बाजूने मात्र ही कसोटी कच्ची आहे, कारण दुसऱ्या कारणांनी पोट दुखणारेही धक्क्याला कळवळतात. पण गतिरोधक गेला आणि काहीच वाटलं नाही, तर अपेंडिक्सची शंका बरीच मागे पडते.

वृषण ज्या बोगद्यातून उतरले ती जागा पुरुषाच्या पोटात कायमची कच्ची राहते. म्हणून जांघेतला हर्निया आयुष्यात कधी ना कधी साधारण चारातल्या एका पुरुषाला होतो, बायकांत शंभरात तिघींना. उभं राहिलं, खोकलं, पोतं उचललं की फुगवटा येतो, आडवं झालं की आत जातो. वर्षानुवर्षं माणसं हाताने आत ढकलतात आणि धोतराखाली लपवतात. एके दिवशी तो आत जात नाही, टणक होतो, पोट फुगतं, उलट्या लागतात, वारा सरत नाही. आतडं अडकलंय, त्याचा रक्तपुरवठा आवळला जातोय, आणि आता शस्त्रक्रियेला रात्र-दिवस बघायचा नसतो. हीच शस्त्रक्रिया सवडीने केली असती तर सहसा एक-दोन दिवसांत घरी जाता आलं असतं. जाळी बसवून ती करायची पद्धत आता सर्वत्र रुळली आहे. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ मध्ये जाळीशिवाय, पोटाच्याच स्नायूच्या पापुद्र्याची पट्टी वापरून करायची पद्धत मांडली, आणि तीही देशोदेशी वापरली गेली.

बरगड्यांखालच्या भागाबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण त्या दोन्ही ‘गॅस’ या एका नावाखाली दडपल्या जातात. हृदयाचा खालचा पृष्ठभाग श्वासपटलावर टेकलेला असतो. त्या भागाचा झटका आला तर छातीऐवजी छातीच्या खळगीत दुखतं, मळमळतं, घाम फुटतो. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा तंबाखूची सोबत असलेल्या माणसाने अशा वेळी सोडा पिऊन ढेकराची वाट बघू नये, आधी ईसीजी काढावा. दुसरी गोष्ट यकृतातल्या गळवाची. आमांश करणाऱ्या अमिबाचे जंतू आतड्यातून यकृतात जाऊन तिथं पू होतो. हा आजार पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त दिसतो, त्यातही गावठी दारू किंवा ताडी पिणाऱ्यांत. उजव्या बरगडीखाली ठणका, हुडहुडी भरून ताप, आणि गंमत म्हणजे दुखणं उजव्या खांद्यात, कारण श्वासपटलाची नस मानेतून उतरते. खांद्याला बाम चोळत आठवडा काढलेले रुग्ण भेटतात. सोनोग्राफीत गळू लगेच दिसतं. औषध स्वस्त आहे आणि गुणकारीही. गळू मोठं असेल तर सुईने पू काढावा लागतो.

राहिले घरातले आजोबा. प्रोस्टेट वाढलेली, लघवीची धार आधीच बारीक. पावसाळ्यात सर्दी होते, नातू मेडिकलमधून नाक मोकळं करणारी गोळी आणून देतो, आणि रात्रीतून लघवी तुंबते. त्या गोळीने मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळले जातात. आजोबा सांगतात ‘पोट दुखतंय, फुगलंय’, घरचे म्हणतात पोट साफ नाही. बेंबीखाली हात ठेवला तर घट्ट गोळा लागतो, तोच भरलेलं मूत्राशय. नळी घातली की पाचेक मिनिटांत आजोबा चहा मागतात. नंतर सर्दीच्या कुठल्याही गोळीची चिठ्ठी लिहून घेताना, किंवा दुकानातून तशीच आणताना, ‘लघवीचा त्रास आहे’ हे आधी सांगायचं.

(पुढील आठवड्यात : मुरडा, जुलाब आणि रात्री झोपमोड करणारं पोट)