बाइकवर मॅप लावताय? आधी फ्यूज कुठे बसतो ते बघा

बाइकवर फोन लावून मॅप बघत जायचं म्हणजे चार्जिंग हवंच. म्हणून आपण यूएसबी चार्जर आणतो आणि त्याच्या दोन वायरी थेट बॅटरीला जोडून मोकळे होतो. घोळ इथेच होतो.

गाडी बंद असली तरी चार्जर थोडा करंट खातच राहतो. समजा 10 मिलीअँपिअर. म्हणजे दिवसाला जवळपास पाव अँपिअर-अवर. 4 अँपिअर-अवरची बॅटरी अडीच आठवड्यांत रिकामी, आणि सेल्फ त्याच्या बराच आधी रुसणार! म्हणून मध्ये रिले टाका. चार्जरला करंट बॅटरीतूनच येऊ द्या, पण रिले चालू करणारी वायर अशी निवडा, जिच्यात चावी फिरवल्यावरच करंट येतो. टेललॅम्पची चालते.

आता फ्यूज. तो बॅटरीच्या प्लस टर्मिनलच्या अगदी जवळ हवा, चार्जरपाशी नाही. कारण फ्यूज फक्त स्वतःच्या पुढची वायर वाचवतो. अलीकडची वायर टाकीखाली घासून चासीला टेकली, तर ती तापून पेटू शकते. 15 वॉटच्या चार्जरला 12 व्होल्टवर साधारण दीड अँपिअर लागतो, 3 चा फ्यूज पुरे. सारखा उडतो म्हणून 15 चा घालू नका, प्लीज! वायर कुठे घासतेय ते शोधा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ताण येतो का, तेही बघा.

आणि हो, होल्डर डॅम्परवालाच घ्या. मोठ्या इंजिनाच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, हे अ‍ॅपलनेच 2021 मध्ये सांगितलंय.