अठ्ठ्यांची जोडी

दिवाळीत तीनपत्तीला बसलेल्या संभाजीनगरकराच्या हाती अठ्ठ्यांची जोडी आली, की त्याचा चेहरा खुलतो. पण महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत म्हणून तो गोव्याला, मांडवीतल्या कॅसिनो-बोटीवर पोकरच्या स्पर्धेला बसला, तर हीच जोडी त्याला रडवू शकते. तिथे दोन पाने आपल्या हाती असतात. मग मध्ये तीन पाने सर्वांसाठी उघडतात. त्यांत अठ्ठीहून वरचे निदान एक पान येण्याचा संभव शेकडा ८७, तिसरी अठ्ठी येण्याचा जेमतेम १२. त्यातून आपली पाळी आधी असली, तर मागच्यांचे मन कळण्यापूर्वीच बोलावे लागते.

बँकेत मी वर्षानुवर्षे कर्जाचे अर्ज तपासले. वाईट अर्ज नाकारणे सोपे, उत्तम मंजूर करणे सोपे. साहेब अडकतो तो बऱ्यापैकी अर्जात.

जाणता खेळाडू अशा जोडीवर ती तीन पाने स्वस्तात पाहतो. अठ्ठी आली नाही आणि समोरून जोर झाला, की पाने टाकतो. चिप्स अगदी थोड्या उरल्या असतील, तर मात्र पाने उघडण्याआधीच सगळ्या लावतो. पुढे आधी बोलण्याची पाळीच येत नाही. मधल्या परिस्थितीत मोह आवरणे अवघड, आणि बहुतेकांची स्पर्धा तिथेच संपते.