युद्धवाङ्मयातील नैतिक संदिग्धता : निबंधाची आखणी

युद्धविषयक वाङ्मयावर निबंध लिहू पाहणारा विद्यार्थी बहुधा निकालापासून आरंभ करतो : अमुक पात्र धर्माचे, तमुक अधर्माचे. पुढील सारा निबंध मग त्या निकालाची पुरवणी होऊन राहतो. वस्तुतः नैतिक संदिग्धता म्हणजे सुष्ट व दुष्ट यांतील भेद पुसून टाकणे नव्हे. दोन खरी कर्तव्ये एकाच क्षणी परस्परांच्या आड यावीत आणि एक पाळताना दुसऱ्याचा भंग अटळ व्हावा, ही ती अवस्था होय. ही व्याख्या निश्चित करणे ही आखणीची पहिली पायरी.

दुसरी पायरी विषय आटोपशीर करण्याची. ‘महाभारतातील नीती’ एका निबंधात मावणार नाही. युद्धाच्या उंबरठ्यावरील कीचकवधाचा प्रसंग मावेल. वऱ्हाडातील विद्यार्थ्यास तो परकाही नाही. भीमाने कीचकास मारून ज्या दरीत लोटले तो कीचकदरा व त्यावरून चिखलदरा, अशी लोकपरंपरा असून तेथील भीमकुंडही याच कथेशी जोडले जाते. विराटपर्वात मात्र वध घडतो तो विराटाच्या नर्तनशाळेत. लोककथा आणि ग्रंथ यांतील हे अंतर निबंधात आरंभीच नोंदवावे. पुरावा कोणत्या प्रतीचा आहे हे वाचकास त्यामुळे कळते.

तिसरी पायरी प्रश्न ठरविण्याची. कीचक दोषी होता काय, हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याचे उत्तर सर्वांस ठाऊक आहे. भर सभेत द्रौपदीला लाथ बसत असता युधिष्ठिराने स्वतःस व भीमास आवरले, हे योग्य काय, हा खरा प्रश्न. अज्ञातवास उघडकीस आला तर पुन्हा बारा वर्षांचा वनवास ठरलेला. म्हणजे प्रतिज्ञा एकीकडे आणि पत्नीचे रक्षण दुसरीकडे. पुढे भीम रात्री गुप्तपणे कीचकास मारतो, परंतु प्रश्न संपत नाही. कीचक मेल्याचे कळताच त्रिगर्तराज सुशर्मा व कौरव विराटाच्या गोधनावर चालून येतात. एका न्याय्य कृत्याची किंमत संपूर्ण राज्याला मोजावी लागते. सुदेष्णेचे वर्तनही येथे तपासावे. भावाचा हेतू जाणूनही ती द्रौपदीला त्याच्या घरी पाठविते. तिच्या ठायी बंधुप्रेम किती आणि भय किती, याचा विचार विद्यार्थ्याने संहितेच्या आधारानेच करावा.

चौथी पायरी तुलनेची. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत हिंदभूमी, कंकभट्टात मवाळ आणि बल्लवात जहाल पाहिले. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. रूपकाने संयमाला भीरुतेची छटा येते काय, आणि तशी येत असल्यास मूळ कथेतील द्वंद्व कितपत उरते, हा निबंधाचा मध्यबिंदू ठरू शकेल.

पाचवी पायरी प्रतिपक्षाची. ‘संदिग्धतेचा शोध म्हणजे अन्यायास पळवाट’ असा आक्षेप निघेल. त्याचे उत्तर चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर सापडते. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा गड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. गड पडणार हे दिसताच रजपूत वीरांनी आपल्याच स्त्रियांवर शस्त्र चालविल्याचे इतिहासकारांनी नमूद केले आहे. या घटनेस केवळ शौर्य म्हणणारा त्या स्त्रियांना विसरतो; केवळ क्रौर्य म्हणणारा तटाखाली उभ्या असलेल्या शत्रूला विसरतो. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात धरून ठेवणे ही पळवाट नव्हे, तो अधिक कठीण न्याय होय. त्या स्त्रियांची स्वतःची इच्छा काय होती, याविषयी विजेत्यांच्या लेखनावरून अनुमान करताना मात्र विशेष सावधगिरी हवी.

अखेरीस निष्कर्ष. तो निवाड्याचा टाळाटाळ करणारा नसावा. कोणते कर्तव्य कोणत्या कारणाने वरचढ ठरले आणि त्यापायी काय गमवावे लागले, हे दोन्ही सांगणारा निष्कर्षच पुरा समजावा. आखणीच्या कागदावर प्रत्येक परिच्छेदासमोर ‘यात कोणाची हानी झाली?’ एवढा एकच प्रश्न लिहून ठेवला, तरी निबंध वाट चुकण्याचे भय पुष्कळ कमी होते.