नऊ वार की पाच वार?

दिवाळीची खरेदी करायला आपण बायका दादरला हिंदमाताच्या दुकानांत शिरलो, की दुकानदार रंग दाखवतो, काठ दाखवतो, पदर उलगडून दाखवतो. पण "बाई, हे नेसून जायचं कुठे आणि करायचं काय?" असे मात्र तो कधी विचारत नाही. वाचकभगिनींनो, वस्त्राची निवड खरे तर या प्रश्नापासूनच सुरू व्हावी. हे शहाणपण मला फार उशिरा सुचले.

माझी आई परळच्या एका गिरणीत वाइंडिंगखात्यात होती. अंगावर सदा नऊवारी लुगडे. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड! एवढे कापड गुंडाळून ती सकाळच्या भोंग्याला धावे कशी, असे आज कुणालाही वाटेल. खुबी आहे ती काष्ट्यात. निऱ्यांचा काष्टा मागे खोचला, की दोन्ही पाय मोकळे. कोळीणबाई तेच लुगडे गुडघ्यापर्यंत घट्ट नेसते, कारण तिला पाण्या-चिखलात वावरायचे असते. ब्राह्मणी पद्धतीत ते घोट्यापर्यंत उतरते. कापड तेच, काम बदलले की नेसण बदलते.

पाचवारीचा डौल निराळा. समोर निऱ्या, पाय पूर्ण झाकलेले, खांद्यावरून सुटलेला पदर. गिरगावात १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना निघाला आणि अशी पायघोळ नेसलेली लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर आली. पुढे शाळा-कॉलेजांत, कचेऱ्यांत जाणाऱ्या मुलींनी पाचवारी जवळ केली. हळूहळू लुगडे म्हणजे जुनाट, गिरणीतले, मासळीबाजारातले, अशी समजूत झाली. माझीही झाली होती.

१९७० साली मॅट्रिकला मराठीत मी शाळेत पहिली आले. बक्षीससमारंभाच्या आदल्या रात्री मी आईला म्हटले, "आई, उद्या लुगडं नको हं. पाचवारी नेस."

ती काहीच बोलली नाही. शेजारच्या काकूंची पाचवारी मागून आणली, त्यांच्याकडूनच नेसवून घेतली. शाळेचा जिना चढताना निऱ्या पायांत आल्या. दोन्ही हातांनी त्या उचलून धरीत, खाली बघत ती वर आली आणि शेवटच्या रांगेत बसली. माझे नाव पुकारले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईचे हात निऱ्यांतच अडकलेले होते. घरी आल्यावर तिने पातळाची नीट घडी केली आणि एवढेच म्हणाली, "बाय, ह्यात चालता येतं, धावता येत नाही."

तिचे म्हणणे मला पटले ते नोकरी लागल्यावर! निऱ्या मुठीत धरून ९-१२ ची लोकल गाठताना रोज आई आठवे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आईच्या गिरणीचा भोंगा पुन्हा वाजला नाही. आई गेली त्यालाही आता बरीच वर्षे झाली.

अलीकडेच एका गुढीपाडव्याला माझी नात गिरगावच्या शोभायात्रेला निघाली. अंगावर दादरहून आणलेली शिवलेली नऊवारी: पायजम्यासारखे पाय घालायचे, नाडी बांधायची, झाले! मी नाक मुरडले. ती हसून म्हणाली, "आजी, मोटारसायकलवर बसायला ह्याच्यापेक्षा सोयीचं काही दाखव बरं." मला काही दाखवता आले नाही. जे नेसून आली असती तर मला आईची लाज वाटली असती, तेच मिरवत नात रस्त्याने निघाली होती.

म्हणून सांगते, हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, जिथे बसायचे-बोलायचे आहे तिथे पाचवारी खुशाल नेसा. मंगळागौरीला झिम्मा-फुगडी घालायची असेल तर नऊवारीच हवी. लालबागच्या गर्दीत गणपती बघायला जायचे तर पंजाबी ड्रेस बरा. आणि शिवलेल्या नऊवारीला माझ्यासारखे नाक मुरडू नका.

आईचे एक लुगडे माझ्या ट्रंकेत होते. मला ते नेसताच येत नव्हते. कधी शिकलेच नव्हते. या श्रावणात लालबागच्या जुन्या चाळीतल्या एका मैत्रिणीला बोलावले. तिने चार वेळा सोडून चार वेळा नेसायला लावले, तेव्हा कुठे काष्टा बसला. मग भाचीच्या मंगळागौरीला गेले. तिथला जिना चढताना माझ्या ध्यानात आले, माझे दोन्ही हात मोकळे होते.