वर्षाचं जेवण, चाळीस डॉलरच्या आत

१९४५ साली जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं एक प्रश्न मांडला. महिनाअखेरीला किराण्याची यादी हातात घेऊन बसणाऱ्या कुणालाही तो लगेच कळेल. सत्तर किलो वजनाच्या माणसाला शरीराला लागतं ते सगळं मिळालं पाहिजे आणि खर्च कमीत कमी झाला पाहिजे. तर त्यानं काय खावं?

‘सगळं’ म्हणजे नऊ गोष्टी: कॅलरी, प्रथिनं, कॅल्शियम, लोह, अ आणि क जीवनसत्त्वं आणि ब गटातली तीन. समोर ७७ पदार्थ होते. भाव ऑगस्ट १९३९चे. पालकाची जुडी कितीला, हा आपला नेहमीचा प्रश्न स्टिग्लरनं उलटा केला: एका डॉलरला लोह किती? कॅल्शियम किती? असा तक्ता केल्याबरोबर ६२ पदार्थ यादीतून गळालेच, कारण ते देत होते ते दुसरं काहीतरी स्वस्तात देत होतं. उरले १५. त्यांतून त्यानं जुळवाजुळव करत उत्तर काढलं. वर्षाचा खर्च ३९ डॉलर ९३ सेंट, म्हणजे दिवसाला अकरा सेंटसुद्धा नाहीत.

आणि त्या पैशांत पदार्थ फक्त पाच. गव्हाचं पीठ, आटवलेल्या दुधाचे डबे, कोबी, पालक आणि वाळवलेला पांढरा घेवडा. दिवसाच्या हिशेबात पीठ साधारण ४६० ग्रॅम, घेवडा ३५० ग्रॅम, कोबी १४० ग्रॅमच्या आसपास आणि पालक तीसेक ग्रॅम. साडेतीनशे ग्रॅम कोरडा घेवडा भिजवून उसळ केली तर भरल्या घराची पंगत उठेल. इथे ती एकट्यानं रोज संपवायची. पोटाचं काय होईल, हा रकाना तक्त्यात नव्हता.

पाचच का, यामागचं गणित मला त्या उत्तराहूनही सुंदर वाटतं. अटी नऊ असतील तर सर्वांत स्वस्त उत्तराला नऊपेक्षा जास्त पदार्थ कधीच लागत नाहीत. समजा ताटात दहा आहेत. मग काही वाढवून, काही कमी करून नऊही पोषकं जशीच्या तशी ठेवता येतात. हा बदल एका बाजूला खर्च वाढवणारा असेल, तर उलट बाजूला तो कमी करणारा असतोच. त्या बाजूला सरकत राहिलं की एक पदार्थ ताटातून पार बाहेर पडतो. शिवाय काही पोषकं इतरांच्या पाठोपाठ आपोआप गरजेपेक्षा जास्त येतात, त्यामुळे आकडा आणखी खाली घसरतो. हातात पैसा कमी असला की ताट एकसुरी का होतं, याचं कारण शोधायला खाणाऱ्याच्या आळसापर्यंत जायलाच नको.

स्टिग्लरला आपलं उत्तर सर्वांत स्वस्त आहे हे सिद्ध करता आलं नव्हतं. तशी पद्धतच तेव्हा उपलब्ध नव्हती. १९४७ साली जॉर्ज डँट्झिग या गणितज्ञानं ‘सिंप्लेक्स’ ही पद्धत शोधली आणि तिच्या चाचणीसाठी हाच प्रश्न घेतला गेला. नऊ कारकून टेबलावरची गणनयंत्रं घेऊन बसले आणि १२० मनुष्यदिवस खपल्यावर उत्तर आलं: ३९ डॉलर ६९ सेंट. स्टिग्लरचा अंदाज वर्षाला फक्त २४ सेंटनी चुकला होता!

पुढे डँट्झिगला डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं, तेव्हा या गृहस्थानं आपलाच आहार संगणकावर टाकला. पोट जास्तीत जास्त भरल्यासारखं वाटावं, म्हणून पदार्थाच्या वजनातून पाणी वजा करून जे उरेल ते जास्तीत जास्त हवं, अशी अट घातली. यंत्रानं सुचवलं, ५०० गॅलन व्हिनेगर प्या. तक्त्यात व्हिनेगरच्या कॅलरी शून्य आणि त्यातलं पाणीही शून्य धरलेलं होतं. व्हिनेगर काढलं तर सूप करायच्या वड्या आल्या, दिवसाला २००. त्यांतल्या मोजक्या पाण्यात विरघळवून बघितल्या तर तोंडात नुसतं मीठ. तेव्हा कुठे ‘दिवसाला तीनपेक्षा जास्त नको’ अशी अट घालावी लागली. मग कोंडा आला, मग काकवी. शेवटी बायकोनं सूत्रं हातात घेतली आणि डँट्झिगचं वजन बावीस पौंडांनी उतरलं.

गंमत बाजूला ठेवू. या सगळ्या गणिताच्या मुळाशी एक गृहीतक आहे, आणि स्वयंपाकघरात ते टिकत नाही. गणित म्हणतं, पालकातलं लोह अधिक घेवड्यातलं लोह म्हणजे एकूण लोह. बेरीज. पातेल्यात मात्र नुसती बेरीज होत नाही. वनस्पतींतलं लोह शरीरात शिरायला फार नाखूश असतं. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व असलं की ते जास्त शोषलं जातं; जेवणाबरोबर चहा घेतला की कमी. म्हणजे उसळीवर पिळलेल्या लिंबाच्या फोडीत स्वतःचं लोह नावालाच असलं, तरी ती उसळीतलं लोह अंगी लावते. स्टिग्लरच्या तक्त्यात या परिणामाला जागाच नाही.

प्रथिनांचं त्याहून चमत्कारिक. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात आणि त्यांतलं एकही कमी पडलं तर बाकीच्यांचा पूर्ण उपयोग होत नाही. शिंप्याकडे कापडाचे तागे असले तरी बटणं संपली की सदरे तिथेच थांबतात, तसं. ज्वारी, गहू, तांदूळ यांत लायसिन कमी. तूर, मटकी, हरभऱ्यात ते भरपूर, पण मिथिओनिन कमी, आणि ते धान्यात पुरेसं असतं. भाकरी-पिठलं, वरणभात, खिचडी, थालिपिठाची भाजणी, अगदी सणाची पुरणपोळीसुद्धा, या सगळ्या जोड्या एकमेकांची उणीव भरून काढतात. लायसिनचं नाव ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून! दोन्ही एकाच घासात हवेत असंही नाही, दिवसभरात पोटात गेले तरी चालतात.

पण मला सर्वांत थक्क करतात ते मोड. कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व जवळपास नसतं. ती भिजवा, फडक्यात बांधून ठेवा. दाणा जागा होतो आणि ते जीवनसत्त्व स्वतः तयार करायला लागतो. लोहाला अडवून धरणारं फायटिक आम्लही त्याच वेळी कमी होऊ लागतं. किंमत तीच, दाणा तोच, खर्च एखाद-दोन दिवसांचा आणि थोड्या पाण्याचा. मोडाची उसळ फार रटरटवली तर यातलं बरंचसं जीवनसत्त्व जातं, म्हणून एखादी मूठ कच्ची, लिंबू पिळून खाल्लेली बरी.

मोडांचं मोल किती, हे पहिल्या महायुद्धात दिसलं. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातल्या कुट इथे तुर्कांनी ब्रिटिश फौजेला वेढा घातला. अडकलेली फौज होती सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या. शिधा आटत गेला. भारतीय शिपायांमध्ये क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा स्कर्व्ही पसरला. घोड्याचं मांस खाणाऱ्या गोऱ्या सैनिकांना तो कमी झाला. बहुतेक भारतीय शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारलं होतं. पुढच्याच वर्षी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम सैन्याच्या शिध्यासाठी कोणते पदार्थ चालतील हे तपासत होत्या, आणि ताज्या भाज्या-फळं मिळत नसतील तिथे त्यांनी मोड आलेल्या कडधान्यांचा उपाय पुढे केला. ज्या मुलखात मटकीला मोड आणणं ही रोजची गोष्ट, तिथल्याच पोरांना त्याची उणीव भोवली होती.

साधं धान्य आणि कडधान्य एवढं देत असेल, तर मग महागडी प्रथिनं हवीतच कशाला? हा प्रश्न जागतिक पातळीवर लावून धरणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. साताऱ्याच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे दीर्घकाळ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. साठच्या दशकात जगभर ‘प्रथिनांची टंचाई’ गाजत होती आणि प्रथिनयुक्त भुकट्यांच्या योजना आखल्या जात होत्या. सुखात्म्यांनी आकडे मांडून दाखवलं की भारतात ज्यांना प्रथिनं कमी पडतात त्यांना बहुतेक वेळा मुळात अन्नच कमी पडतं. ऊर्जा अपुरी असली की शरीर प्रथिनंच इंधन म्हणून जाळतं. नेहमीचं धान्य-डाळीचं जेवण पोटभर मिळालं तर प्रथिनांची तूट बहुतांशी भरून निघते. आज डब्यातल्या प्रथिन पावडरीवर खर्च करताना हे आठवायला हरकत नाही.

मात्र कडधान्य आणि भाकरी म्हणजे सगळं आलं असंही नाही. स्टिग्लरनं हिशेब केला तेव्हा ब-१२ जीवनसत्त्व वेगळं काढलेलंच नव्हतं. ते १९४८ साली हाती आलं. मोड, पालेभाजी, नाचणी यांवर त्यासाठी विसंबता येत नाही. दूध, ताक, अंडं, मासळी, यांतलं काहीतरी लागतंच. नाचणी कॅल्शियमला मात्र जोरदार: शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, दुधाच्या जवळपास तिप्पट. तिचं सगळंच कॅल्शियम अंगी लागत नाही, पण आंबवून आंबील केली तर अडथळा कमी होतो.

१९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या दारिद्र्याची रेषा आखली, तेव्हा त्यांनी स्टिग्लरची वाट घेतली नाही. सर्वांत स्वस्त ताट कोणतं, असं न विचारता त्यांनी विचारलं, प्रत्यक्षात किती खर्च करणाऱ्या माणसाला दिवसाला २२५० कॅलरी मिळतात? उत्तर १९६०-६१च्या भावांनी खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये असं आलं. त्या पंधरा रुपयांत मीठ-मिरची होती, अंगावरचं कापड होतं, सरपणही होतं. स्टिग्लरच्या ३९ डॉलर ९३ सेंटमध्ये रोजचा साडेतीनशे ग्रॅम घेवडा शिजवायला लागणारं इंधन धरलेलं नाही.