तो दिवस येईपर्यंत

इसवी सन ५०च्या सुमारास थेस्सलनीका या ग्रीक बंदरातल्या मूठभर ख्रिस्ती लोकांपुढे एक पेच पडला. येशू लवकरच परत येणार, अशी शिकवण त्यांना ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाकडून मिळाली होती. आज ना उद्या, बहुधा आपल्या डोळ्यांदेखत येईल, या भरवशावर ती माणसं दिवस काढत होती. आणि मग त्यांच्यातलेच काही जण वारले. मागे राहिलेल्यांना घोर लागला, की गेलेल्यांचं आता काय होणार? येशू येईल तेव्हा ते त्याला मुकणार का?

पौल तेव्हा करिंथ शहरात होता. त्याने पत्र धाडून त्यांची समजूत घातली: मेलेले मागे राहणार नाहीत, उलट आधी ते उठतील आणि मग जिवंत असलेल्यांची पाळी येईल. नव्या करारातलं हे बहुधा सर्वांत जुनं लिखाण. म्हणजे ख्रिस्ती धर्माचा जो पहिला कागद आज आपल्या हाती आहे, त्यातच जवळचं माणूस गेल्याचं दुःख आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. युगान्त, न्यायनिवाडा, स्वर्ग आणि नरक यांवर पुढे ग्रंथांमागून ग्रंथ निघाले, पण त्या साऱ्याच्या मुळाशी ‘आमचं माणूस आता कुठे असेल’ हा घराघरातला प्रश्न आहे.

पुनर्जन्माच्या कल्पनेत वाढलेल्या वाचकाला इथे थोडं थांबावं लागतं. ख्रिस्ती श्रद्धेत फेरा नाही. जन्म एक, देह एक, आणि शेवटी तोच देह नव्या रूपात उठणार. मेल्यावर आत्मा स्वर्गात गेला की संपलं, असं अनेक ख्रिस्ती लोकही समजतात, पण ती अर्धीच गोष्ट झाली. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेशी जोडलं गेलेलं श्रद्धाप्रकटन आजही रविवारी चर्चमध्ये म्हटलं जातं. त्यात आत्म्याच्या अमरत्वाचं नावही नाही. आहे ती मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची आणि येणाऱ्या युगातल्या जीवनाची वाट. माणसाचा शेवट त्याच्या मरणाने होतो आणि जगाचा शेवट अजून व्हायचा आहे. या दोहोंमध्ये जो काळ उरतो, त्यात मेलेला माणूस कुठे असतो आणि कसा असतो, यावर दोन हजार वर्षं वाद चालू आहेत.

देह उठण्याची कल्पना ख्रिस्ती लोकांनी आणलेली नाही, ती यहुद्यांकडून आली. यहुदी शास्त्रातल्या जुन्या भागांत मेलेला माणूस अधोलोकात सावलीसारखा पडून राहतो, चांगला असो वा वाईट. मग ख्रिस्तपूर्व १६७च्या सुमारास अंतियोखस चौथा या राजाने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली. शब्बाथ पाळला, मुलाची सुंता केली, एवढ्यासाठी माणसं मारली गेली. तोवर हिशेब सरळ होता: देवाची आज्ञा पाळणारा सुखात राहतो. इथे तर आज्ञा पाळली म्हणूनच जीव गेला होता. दानीएलाच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय याच छळाच्या काळातला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मातीत निजलेले उठतील आणि त्यांना न्याय मिळेल, हे तिथे प्रथम उघडपणे येतं. पुनरुत्थानाची आशा जन्मली ती अन्यायातून, हे ध्यानात ठेवलं की पुढचं बरंच उलगडतं.

ग्रीकांना हे पटणं कठीणच होतं. अथेन्समध्ये पौल बोलत होता तोवर पंडितांनी ऐकून घेतलं. मेलेला माणूस उठल्याचा विषय निघाला तेव्हा काही जण हसू लागले. देहाच्या कैदेतून आत्मा सुटतो हे त्यांच्या तत्त्वज्ञानात बसत होतं, पण सुटल्यावर पुन्हा त्याच कैदेत कोण जाईल? करिंथच्या मंडळीतही असेच शंकेखोर होते. त्यांना उत्तर देताना पौलाने बियाण्याचा दाखला दिला: पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते वेगळंच काही, तरी दोहोंत नातं असतं.

हा दाणा पुढे ताटात आला. ग्रीस, सर्बिया, रुमानिया इथल्या ऑर्थोडॉक्स कुटुंबांत माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी आणि वर्षश्राद्धासारख्या स्मरणदिनी ‘कोलिवा’ करतात. गहू मऊ शिजवायचे, निथळून कापडावर पसरून कोरडे करायचे, त्यात मनुका, बदाम, अक्रोड, डाळिंबाचे दाणे घालायचे. वर पिठीसाखरेचा जाड थर दाबून बसवायचा आणि त्यावर बदामांनी क्रूस काढायचा. चर्चमध्ये प्रार्थना झाली की कोलिवा वाटून खायचा. ऑर्थोडॉक्स चर्चने मधल्या काळाचा नकाशा कधी काढला नाही. मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी, ती देव ऐकतो, त्यापलीकडचं त्यालाच ठाऊक, अशी त्यांची भूमिका. सगळ्या उत्तरांत मला हे सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

पश्चिमेकडच्या चर्चला मात्र नकाशा हवा होता. सुरुवात साधीच होती. संत ऑगस्टीनची आई मोनिका ३८७ साली रोमजवळ ओस्तिया इथे वारली. तिने आधी आपल्या गावी आफ्रिकेत, नवऱ्याशेजारी कबर राखून ठेवली होती. शेवटच्या आजारात तिने तो हट्ट सोडला. देह कुठेही पुरा, फक्त वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढंच तिने मुलांना सांगितलं. या आठवणीलाच पुढे पंचांगात जागा मिळाली. दहावं शतक संपता संपता फ्रान्समधल्या क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याने आपल्या सगळ्या मठांत २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस ठरवला आणि हळूहळू तो सगळ्या पश्चिम युरोपात पसरला. वसईत, मुंबईत, गोव्यात दिवाळीच्या आगेमागे दफनभूमीत जी गर्दी दिसते, कबरी धुऊन फुलं आणि मेणबत्त्या लावलेल्या असतात, फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात, त्या प्रथेचं मूळ या मठात आहे.

पण मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची तर ती कोणाच्या उपयोगी पडते? स्वर्गात पोचलेल्याला ती नको आणि नरकातल्याला तिचा लाभ नाही. म्हणजे तिसरी कुठली तरी अवस्था हवी. हेच शोधनस्थान, गोव्यातल्या जुन्या लोकांचं ‘पुर्गतोर’. माणूस देवाच्या कृपेत मेला, पण अजून पुरता शुद्ध नाही, त्याची शुद्धी तिथे होते. फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ याने १९८१च्या आपल्या ग्रंथात मांडलं, की शुद्धीची कल्पना जुनी असली तरी ‘शोधनस्थान’ ही वेगळी जागा म्हणून बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्की झाली. १२७४च्या ल्याँ परिषदेने शुद्धीच्या शिकवणीला मान्यता दिली. पुढे कवी दान्तेने त्या जागेला सात पायऱ्यांच्या डोंगराचं रूप दिलं आणि युरोपच्या मनात तो डोंगर कायमचा बसला.

या मधल्या काळावरून एक पोपही अडचणीत आला. १३३१ साली आव्हिन्यों इथे जॉन बावीसावे यांनी प्रवचनांत सांगायला सुरुवात केली, की पुण्यवान आत्म्यांनाही देवाचं पूर्ण दर्शन अखेरच्या न्यायापूर्वी होत नाही. मग आजवर ज्या संतांचा धावा केला ते काय अजून दाराबाहेर उभे आहेत? पॅरिस विद्यापीठातल्या धर्मपंडितांनी विरोध केला, फ्रान्सचा राजाही खवळला. १३३४च्या डिसेंबरात मृत्युशय्येवर पोपनी आपलं म्हणणं मागे घेतलं. त्यांच्या जागी आलेल्या बेनेडिक्ट बारावे यांनी १३३६ साली निकाल दिला: शुद्ध आत्म्याला मरणानंतर लगेच, शुद्धी बाकी असलेल्याला ती झाल्यावर देवाचं दर्शन होतं, आणि अखेरच्या दिवशी सगळे आपापल्या देहांसह न्यायासनापुढे येतात. कॅथलिक चर्चची भूमिका आजही हीच आहे.

मग पैसा आला. १४७६ साली पोप सिक्स्तुस चौथे यांनी दंडमाफीचा, म्हणजे पापांच्या शिक्षेतून सुटकेचा, लाभ शोधनस्थानातल्या आत्म्यांनाही मिळू शकतो असं जाहीर केलं. योहान टेट्झेल हा डॉमिनिकन साधू जर्मनीत गावोगाव माफीपत्रं विकत फिरला, त्यातला वाटा रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला गेला. गेलेल्या आईबापांसाठी मुलांनी गाठीचे पैसे काढून दिले. शोकाचा असा व्यापार करणं हे त्या काळातल्या चर्चचं मोठं पाप होतं, आणि मार्टिन ल्यूथर १५१७ साली त्यावर उठला ते योग्यच झालं. पण त्याच्या मागून आलेल्या प्रोटेस्टंटांनी व्यापाराबरोबर शोधनस्थानही काढून टाकलं आणि मेलेल्यांसाठीची प्रार्थनाही जवळजवळ बंद केली. मेलेला माणूस देवाच्या हवाली; जिवंतांनी त्याच्यासाठी काही करायचं उरलं नाही. ल्यूथरला कधी कधी वाटे, की आत्मा अखेरच्या दिवसापर्यंत गाढ झोपलेला असतो. दुसरा प्रोटेस्टंट सुधारक काल्व्हिन याने या झोपेच्या मताविरुद्ध पुस्तकच लिहिलं.

आता जगाच्या शेवटाकडे वळतो. प्रकटीकरण हे पुस्तक पहिल्या शतकाच्या अखेरीस, बहुधा सम्राट दोमितियानच्या राजवटीत, पात्म बेटावर असलेल्या योहानाने आशिया मायनरमधल्या सात मंडळ्यांसाठी लिहिलं. ही सातही गावं आजच्या तुर्कस्तानात आहेत. पशू, रणशिंगं, सात मोहरा, हजार वर्षांचं राज्य हे वाचून माणूस चक्रावतो. त्यातली बाबेल नगरी म्हणजे रोम, हे तेव्हाच्या वाचकांना सांगावं लागलं नसेल. सत्ता छळत असताना तग धरा, शेवटचा शब्द तिचा नाही, एवढं सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं गेलं. ऑगस्टीनने ती हजार वर्षं चर्चच्या चालू काळाचं रूपक म्हणून वाचली आणि पुढची अनेक शतकं तेच वाचन टिकलं. पण अधूनमधून कोणीतरी आकडे मांडायला बसतोच.

त्यांतला सर्वांत प्रामाणिक माणूस विल्यम मिलर. न्यू यॉर्क राज्यातल्या लो हॅम्पटनचा शेतकरी, १८१२च्या युद्धात लढलेला. तरुणपणी त्याची श्रद्धा उडाली होती, ती परत मिळाल्यावर तो बायबलची एकेक ओवी उलगडत वाचू लागला. दानीएलाच्या आठव्या अध्यायात २३०० दिवसांचा उल्लेख आहे. त्याने दिवस म्हणजे वर्ष धरलं आणि यरुशलेम पुन्हा बांधण्याच्या इराणी राजाच्या आज्ञेपासून, म्हणजे ख्रिस्तपूर्व ४५७पासून, मोजणी केली. येशूच्या परत येण्याचं वर्ष निघालं १८४३. ख्रिस्तपूर्व १ नंतर थेट इसवी सन १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही, हे लक्षात आल्यावर ते १८४४वर सरकलं. बॉस्टनचे पाद्री जोशुआ हाइम्स यांनी वर्तमानपत्रं काढली, पशूंची चित्रं आणि बेरजा असलेले मोठे तक्ते छापले, तंबूंतून सभा भरवल्या. हजारो लोक जोडले गेले. शेवटी अनुयायांपैकी सॅम्युएल स्नो याने नेमका दिवस काढला: २२ ऑक्टोबर १८४४. काहींनी दुकानं बंद केली, काहींनी उभं पीक शेतात सोडलं, देणी चुकती केली. मध्यरात्र उलटली, सकाळ झाली, नेहमीसारखा सूर्य वर आला. लोक ओक्साबोक्शी रडले. इतिहासात त्या दिवसाला ‘महानिराशा’ म्हणतात.

त्यांना कोणी हसावं असं मला वाटत नाही. येशूने स्वतः सांगून ठेवलं आहे, की तो दिवस कोणालाच ठाऊक नाही. त्यामुळे गणित करणं हीच चूक होती. पण आपण जे मानतो त्यावर सर्वस्व लावायची त्यांची तयारी खरी होती. निराशेनंतर कित्येक जण पांगले. काहींनी मात्र असा अर्थ लावला, की तारीख बरोबर होती, घटना स्वर्गातल्या पवित्रस्थानात घडली. त्यांच्यातून १८६३ साली सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्च उभं राहिलं. मधल्या काळाबद्दल ते ल्यूथरच्या त्या विचाराजवळ जातात: मेलेला माणूस झोपेत असतो, त्याला काही कळत नाही, तो येशूच्या हाकेनेच जागा होतो. सार्वकालिक नरकयातनाही ते मानत नाहीत. दुष्टांचा शेवटी नाश होतो, छळ चालू राहत नाही. पुण्यात औंध भागात १९४२पासून असलेली स्पायसर ही शिक्षणसंस्था याच चर्चची.

नरकाबद्दल एकमत कधीच नव्हतं. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विचारवंताला आशा होती, की शेवटी सगळेच देवाकडे परततील. ५५३च्या सुमारास हे मत धिक्कारलं गेलं, तरी ते पुन्हा पुन्हा डोकं वर काढत राहिलं. आणि निवाडा कशावर होणार? मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातलं चित्र अगदी स्वच्छ आहे. राजा विचारतो ते भुकेल्याला जेवण, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट यांबद्दल. आकडेमोडीबद्दल तिथे काही विचारलं जात नाही.

१९६०च्या दशकापासून कॅथलिक चर्चच्या बोलण्यातला सूर बदलला आहे. १९६९च्या नव्या अंत्यविधीतून न्यायाच्या दिवसाचं भयंकर वर्णन करणारं जुनं लॅटिन स्तोत्र वगळलं गेलं. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना नरकाच्या सीमेवर असलेल्या ‘लिंबो’मध्ये राहावं लागतं, असं शतकानुशतकं शिकवलं जाई. आयर्लंडमध्ये अशा बाळांना पवित्र भूमीबाहेर, नाव न घालता पुरत. २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने म्हटलं, की या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. ज्या आयांना हे ऐकायला हवं होतं त्यांतल्या बहुतेक तोवर गेल्या होत्या.

दहनाचंही तसंच. १९६३ साली कॅथलिकांना दहनाची मुभा मिळाली, दफन अधिक इष्ट असं सांगूनच. २०१६च्या सूचनापत्राने राख विखरायला, नदीत किंवा समुद्रात सोडायला आणि घरी ठेवायलाही मनाई केली. ती पवित्र जागी ठेवावी. राखेतून देव माणूस उठवू शकत नाही, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. हा प्रश्न १७७ साली ल्याँमध्येच निकालात निघाला होता. तिथल्या छळकर्त्यांनी ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह जाळून राख ऱ्होन नदीत लोटली, ती मुद्दाम, त्यांची उठण्याची आशा मोडावी म्हणून. वाचलेल्यांनी ही हकिकत लिहून पत्राने आशिया मायनरच्या मंडळ्यांना कळवली आणि आपली आशा तशीच ठेवली. मुंबईत तर दफनालाही आता जागाच नाही. अनेक धर्मग्रामांच्या दफनभूमीत काही वर्षांनी कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, त्यावर नावाची पाटी लावतात आणि कबरीची जागा दुसऱ्याला देतात.